चित्रकाराची खूण आणि जलरंगाची परंपरा : मळवलीच्या शिळाछापाच्या संदर्भात वैयक्तिक बोधचिन्हाच्या पुनर्रचनेचा विचार

सारांश

चित्रकाराचे वैयक्तिक बोधचिन्ह हे त्याच्या स्वाक्षरीचेच विस्तारित रूप होय. स्वाक्षरी एका चित्राची साक्ष देते. बोधचिन्ह संपूर्ण चित्रकर्माची ओळख वाहते. असे चिन्ह जलरंगाच्या पारंपरिक तंत्राने नव्याने घडवावयाचे झाल्यास एक मूलभूत विरोध समोर येतो. जलरंग हे पाण्याच्या स्वैर गतीवर चालणारे माध्यम असून त्यातील कोणतेही दोन वॉश सारखे येत नाहीत. बोधचिन्हाचे कार्य मात्र पुनरावृत्तीवर अवलंबून असते. या विरोधाचा उलगडा मावळ तालुक्यातील मळवली येथील रविवर्मा छापखान्याच्या इतिहासाच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे. चिन्हाची ओळख आकाराने वाहावी आणि जलरंगाने त्या आकाराला हाताचा स्पर्श द्यावा, हे लेखाचे प्रतिपादन आहे. त्यास अनुसरून पुनर्रचनेची पद्धती, मावळच्या हवामानाचा विचार, पुनरुत्पादनाचे प्रश्न आणि कायद्याची बाजू यांचे विवेचन केले आहे.

१. प्रस्तावना

म्हैसूर येथील जगनमोहन राजवाड्याच्या कलासंग्रहात हाती तेवता दिवा घेतलेल्या एका स्त्रीचे चित्र आहे. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते देशभर परिचित असून त्याच्या प्रतिकृती असंख्य घरांतून आढळतात. मूळचे सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२-१९६८) यांचे हे चित्र जलरंगातील आहे आणि त्यासाठी त्यांची कन्याच उभी राहिली होती. असे असूनही ते राजा रविवर्मा यांचे तैलचित्र होय, असा समज फार मोठ्या प्रमाणावर रूढ आहे. रविवर्मा यांचे निधन १९०६ साली झाले. हळदणकरांचे चित्र त्यानंतर कित्येक वर्षांनी घडले. म्हणजे या एकाच गैरसमजात कर्ता आणि माध्यम या दोहोंची ओळख एकदम पुसली जाते.

हळदणकर हे जलरंगावर असामान्य प्रभुत्व असलेले कलावंत होते. बोटांच्या फटींतून झिरपणारा दिव्याचा उजेड पारदर्शक जलरंगात दाखवावयाचा तर कागदाचे शुभ्रपण आधीपासून राखून ठेवावे लागते. तो मागाहून रंगविता येत नाही. इतके अवघड कर्म करूनही कर्त्याचे नाव लोकस्मृतीत दुसऱ्याच्या नावाखाली जावे, ही बाब केवळ कुतूहलाची नाही. चित्रावर नाव असणे आणि ते नाव पाहणाऱ्याच्या मनात त्या चित्राशी बांधले जाणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट होते.

येथे दुसरा प्रश्न उद्भवतो. चुकीचे का होईना, पण नाव रविवर्मांचेच का सुचते? याचे उत्तर बव्हंशी मावळात सापडते. लोणावळ्याजवळील मळवली येथून निघालेल्या छापील चित्रांनी ‘रविवर्मा’ हे एका व्यक्तीचे नाव न ठेवता एका संपूर्ण चित्रप्रकाराची खूण करून टाकले. त्यामुळे वैयक्तिक कलाचिन्हाच्या पुनर्रचनेचा विचार करताना मळवलीच्या या इतिहासापासून आरंभ करणे उचित ठरते.

२. खूण, मुद्रा आणि बोधचिन्ह

कर्त्याची खूण ही कल्पना मराठी मनाला नवी नाही. शिवकालीन पत्रव्यवहारात पत्राच्या आरंभी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब उमटविले जात असे. मुद्रेने पत्र कोणाचे आहे हे कळे; मोर्तबाने मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही जोडू नये, हे ठरे. ‘शिक्कामोर्तब’ हा आजचा रूढ शब्द याच व्यवहारातून आला आहे. म्हणजे ओळख आणि मर्यादा अशी दुहेरी जबाबदारी खुणेवर होती.

पूर्व आशियातील शाईच्या चित्रपरंपरेत ही विभागणी दृश्य रूपात दिसते. चीन व जपानमधील चित्रकार पाणी आणि काळी शाई यांच्या साहाय्याने प्रवाही चित्र काढीत आणि त्याच्या कडेला दगडात कोरलेला तांबडा शिक्का उमटवीत. चित्र प्रत्येक वेळी निराळे, शिक्का मात्र तोच. जलधर्मी चित्र आणि अचल मुद्रा यांचे हे सहजीवन प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

युरोपातील दोन उदाहरणेही विचारात घेण्याजोगी आहेत. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्युरर याने आपल्या नावाच्या दोन आद्याक्षरांची एकात एक गुंफलेली नाममुद्रा वापरली. मार्कान्तोनियो राइमोंदी याने ड्युररच्या लाकडी ठशांच्या नकला त्या नाममुद्रेसह केल्या तेव्हा ड्युररने व्हेनिसमध्ये दाद मागितली. नकलाकाराने नाममुद्रा वापरू नये एवढाच निर्णय मिळाला, अशी हकिकत वासारी या चरित्रकाराने नोंदविली आहे. चित्राला जे संरक्षण मिळाले नाही ते खुणेला मिळाले, हा तिचा मथितार्थ. दुसरे उदाहरण जेम्स व्हिस्लर याचे. त्याच्या आद्याक्षरांतून हळूहळू फुलपाखराची आकृती सिद्ध झाली आणि आयुष्यभर ती बदलत गेली. पुढे तिला विंचवासारखी नांगीही आली. पुनर्रचना म्हणजे जुने पुसून नवे लिहिणे नव्हे, ओळखीचा धागा राखून केलेले परिवर्तन होय, हे व्हिस्लरच्या फुलपाखरावरून ध्यानी येते.

मराठी नियतकालिकांच्या क्षेत्रात दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर यांची स्वाक्षरी वाचकांना नाव न वाचताही ओळखू येत असे. मासिकांची मुखपृष्ठे आणि दिवाळी अंक यांतून ती वारंवार डोळ्यांखालून जाई आणि अक्षरांचे वळण हेच चिन्ह बनून जाई. वैयक्तिक बोधचिन्हाचा जन्म बहुधा असाच स्वाक्षरीतून होतो.

३. मळवलीचा शिळाछाप : एका खुणेचा इतिहास

राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांनी आपले बंधू सी. राजराज वर्मा यांच्यासह १८९४ साली मुंबईत चित्रांचा छापखाना काढला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मुंबईत प्लेगचा कहर चालू असताना, तो पुणे-मुंबई लोहमार्गावरील मळवली येथे हलविण्यात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. येथील चित्रांच्या तळाशी छापखान्याच्या नावाबरोबर ‘कार्ला-लोणावळा’ असा पत्ता इंग्रजीत छापलेला आढळतो. देवादिकांच्या तसबिरींबरोबर मावळातील ही गावेही अशा रीतीने देशभरातील भिंतींवर जाऊन पोहोचली.

या छापखान्यातील तंत्र बहुरंगी शिळाछापाचे होते. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने आकृती काढावयाची, शिळा पाण्याने भिजवावयाची आणि मग तेलकट शाईचा रूळ फिरवावयाचा. ओल्या भागाला शाई लागत नाही. तेलकट भागाला लागते. जलरंगाप्रमाणेच या तंत्राचाही आधार पाणी हाच आहे. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागे आणि सर्व शिळांचे ठसे एकमेकांवर अचूक बसावे लागत. त्यात कागद हवेतील ओलाव्याने फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. दोन रंगांच्या छपाईमध्ये हवा पालटली की ठसा सरकण्याचा धोका असतो.

चित्रकाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा मुद्दा छटेचा आहे. चित्रातील सलग उतरती छटा शिळेवर तशीच उतरविणे कठीण असल्यामुळे ती बारीक ठिपक्यांत मोडावी लागे. ठिपके दाट तेथे छटा गडद, विरळ तेथे फिकी. मूळ चित्रातील कुंचल्याची हालचाल आणि रंगाची घनता या प्रक्रियेत मागे राही. टिकून राही ती बाह्यरेषा, अंगस्थिती आणि रंगाची ढोबळ विभागणी. भारतीय घरांना रविवर्मांची लक्ष्मी आणि सरस्वती ओळखू आली ती त्यांच्या तैलरंगाच्या लेपनामुळे नव्हे. उभे राहण्याच्या ढबीमुळे आणि आकृतीच्या घडणीमुळे ती ओळख पटली. पुनरुत्पादनात जे तगते तेच ओळखीचे खरे वाहन असते, हा मळवलीचा पहिला धडा होय.

दुसरा धडा नावासंबंधीचा आहे. छापखान्याची मालकी बदलल्यावरही ‘रविवर्मा’ हे नाव कायम राहिले. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४) यांच्यासारख्या समर्थ चित्रकाराची चित्रेही याच छापखान्यातून प्रसिद्ध झाली. म्हणजे तळाशी ‘रविवर्मा प्रेस’ असा ठसा असलेले प्रत्येक चित्र रविवर्मांचे नव्हते. चित्रकाराची स्वाक्षरी चित्राच्या अंगात मुरलेली आणि लहान. छापखान्याचे नाव समासात, स्वच्छ आणि प्रत्येक प्रतीवर सारखे. सामान्य ग्राहकाच्या स्मरणात दुसरेच राहिले यात नवल नाही. जी खूण अधिक सुवाच्य आणि अधिक सातत्यपूर्ण, तिच्या पदरात श्रेय पडते. हळदणकरांच्या चित्राला चिकटलेले चुकीचे नाव हे या सवयीचेच दूरगामी फळ म्हणता येईल.

तिसरा धडा जतनाचा. १९७२ साली लागलेल्या आगीत हा छापखाना नष्ट झाला. घरोघरी गेलेल्या प्रती मात्र उरल्या. आज त्या कार्याचा अभ्यास होतो तो मुख्यतः या विखुरलेल्या प्रतींच्या आधाराने.

४. जलरंगाचा स्वभाव आणि मावळची हवा

जलरंग म्हणजे बाभळीच्या जातीतील झाडांपासून मिळणाऱ्या डिंकात घोटलेले रंगद्रव्य. पाणी उडून जाते, रंगकण कागदाच्या तंतूंत अडकून राहतात आणि प्रकाश त्या पातळ थरातून कागदापर्यंत जाऊन परत येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग असा नसतोच. कागद हाच पांढरा. त्यामुळे बोधचिन्हाची रचना करताना काय रंगवावयाचे याइतकेच काय कोरे सोडावयाचे याला महत्त्व येते.

पारंपरिक तंत्रांपैकी चार तंत्रे चिन्हाच्या कामी विशेष उपयुक्त ठरतात. सपाट वॉशमध्ये एकाच छटेचा थर वरून खाली ओघळत्या मण्याच्या साहाय्याने नेला जातो. त्यातून स्वच्छ आणि शांत आकार मिळतो. उतरत्या वॉशमध्ये प्रत्येक पट्ट्यागणिक पाणी वाढवून छटा फिकी केली जाते. लहान आकारातही तिने खोली येते. ओल्या कागदावर ओला रंग सोडल्यास कडा विरघळतात आणि धुके किंवा पाऊस सूचित होतो. सुक्या कुंचल्याने रंग केवळ कागदाच्या उंचवट्यांवर बसतो व दगडासारखा खरबरीत पोत उमटतो. याखेरीज वाळलेल्या थरावर दुसरा पारदर्शक थर देणे आणि ओल्या कुंचल्याने रंग उचलून घेणे या क्रियाही परंपरेत रुळलेल्या आहेत.

कागदाची निवड निर्णायक असते. कापसाच्या तंतूंचा, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा कागद पाणी सहन करतो. हलका कागद पाटावर चिकटपट्टीने ताणून न घेतल्यास सुरकुततो. बारीक रेषेसाठी गुळगुळीत, वॉशसाठी मध्यम आणि सुक्या कुंचल्यासाठी खरबरीत पृष्ठ सोयीचे. सुती चिंध्यांपासून हातकागद बनविण्याची परंपरा पुण्याला आहे, हे या परिसरातील चित्रकाराला लाभदायक आहे. मात्र हातकागदावरील खळीचे प्रमाण नगानगाला बदलू शकते. म्हणून काम आरंभण्यापूर्वी त्याच तावाच्या कोपऱ्यावर वॉशची चाचणी घेणे इष्ट.

मावळच्या हवामानाचा येथे स्वतंत्र विचार करावा लागतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२५ मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहे. तेथे वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे वडगाव, तळेगावच्या दिशेने तो झपाट्याने कमी होत जातो. श्रावणात लोणावळ्यात दिलेला वॉश बराच वेळ ओला राहतो. अशा वेळी अर्धवट वाळलेल्या थरात पाण्याचा थेंब शिरला की रंगकण बाहेर ढकलले जाऊन फुलकोबीसारखी नागमोडी कड उमटते. कागदाची खळीही दमट हवेत लवकर बिघडते आणि बुरशीचे ठिपके दिसू लागतात. चैत्र-वैशाखात याच्या उलट स्थिती असते. वॉशचा मणी खाली पोहोचण्याआधीच वरची कड वाळते व पट्टे पडतात. म्हणून एकाच चिन्हाच्या मुख्य प्रती एकाच ऋतूत, शक्यतो हिवाळ्यातील सकाळी केल्यास त्यांत एकजिनसीपणा राहतो. दमट हवेचा वापर हेतुपूर्वक करावयाचा असल्यास विरघळत्या कडांचे प्रयोग पावसाळ्यात करणे सयुक्तिक ठरेल. घाटावर वर्षा चित्रे काढणाऱ्याला हवा ही विघ्न न वाटता सामग्री वाटते, ती याच अर्थाने.

५. पुनर्रचनेची पद्धती

वरील विवेचनावरून पुनर्रचनेचे पुढील टप्पे सुचविता येतात.

पहिला टप्पा जुन्या चिन्हाच्या परीक्षणाचा. चिन्ह आजवर कोठे कोठे वापरले गेले, याची यादी करावी : चित्राचा कोपरा, चित्रामागील चिठ्ठी, निमंत्रणपत्रिका, पत्रशीर्ष, रबरी शिक्का, संकेतस्थळ. त्यानंतर परिचितांना ते चिन्ह न पाहता स्मरणाने काढावयास सांगावे. बहुतेकांच्या रेखाटनात जो भाग समान येईल तो चिन्हाचा गाभा. तो पुनर्रचनेत राखावा. जो भाग कोणालाच आठवला नाही तो गाळण्यास हरकत नाही.

दुसरा टप्पा आकाराचा. रंगपेटी उघडण्यापूर्वी एकाच गडद छटेत, सपाट वॉशने, निव्वळ छायाकृतीची अनेक रूपे करावीत. ती पाच सेंटिमीटर, दोन सेंटिमीटर आणि एक सेंटिमीटर अशा मापांत पाहावीत. एक सेंटिमीटरला जे ओळखू येत नाही ते कितीही सुंदर रंगविले तरी चिन्ह म्हणून दुबळे राहते. अक्षराधिष्ठित चिन्हात देवनागरीचा विशेष विचार हवा. शिरोरेषा राखावयाची, तोडावयाची की वॉशमध्ये विरू द्यावयाची, यावर अक्षराची सुवाच्यता अवलंबून असते. चपट्या कुंचल्याने ओढलेली शिरोरेषा आपोआप वॉशची वरची कड बनू शकते आणि खालचे दंड त्यातून ओघळल्यासारखे उतरू शकतात. देवनागरीची घडण आणि वॉशची गती येथे एकाच दिशेने जातात. अन्य अनेक लिप्यांना ही सोय नाही.

तिसरा टप्पा तंत्राच्या निवडीचा. चार तंत्रांचे प्रदर्शन एकाच चिन्हात करण्याचा मोह टाळावा. चित्रकाराच्या कामात जे तंत्र प्रधान असेल तेच चिन्हात यावे. धुक्यातील दऱ्या काढणाऱ्याने ओल्यावर ओला रंग, लेणी व गडांचे पाषाण काढणाऱ्याने सुका कुंचला निवडावा. रंगही एक किंवा फार तर दोन असावेत. अल्ट्रामरीनसारख्या रंगाचे कण कागदाच्या खळग्यांत बसून दाणेदार पोत देतात. थॅलो वर्गातील निळे-हिरवे रंग तंतूंना रंगवून टाकतात आणि उचलता येत नाहीत. मूळ अलिझरिन क्रिमझन प्रकाशात उडतो. अनेक वर्षे टिकावयाच्या चिन्हात त्याचा वापर करू नये.

चौथा टप्पा आवृत्तीचा. जलरंगात दुरुस्ती केल्याने ताजेपणा जातो. म्हणून एकच प्रत घासूनपुसून सुधारण्यापेक्षा निश्चित झालेल्या आकाराच्या पुष्कळ प्रती सलग कराव्यात आणि त्यांतून निवड करावी. ट्रेसिंग कागदावरील रेखाटन उजेडाच्या काचेवर ठेवून प्रत्येक प्रतीला तोच आकार देता येतो. पाण्याला मात्र मोकळीक राहते. आकार बांधलेला आणि वॉश मोकळा, ही या पद्धतीची किल्ली होय.

पाचवा टप्पा नोंदीचा. कागदाचा प्रकार, रंगांची नावे, मिश्रणाचे प्रमाण, कुंचल्याचा क्रमांक आणि काम केल्याचा महिना यांची टिपणी मूळ प्रतीसोबत ठेवावी. दहा वर्षांनी तेच चिन्ह मोठ्या मापात पुन्हा रंगवावयाचे झाल्यास ही टिपणीच उपयोगी पडते.

६. स्थानिक आकारांचा प्रश्न

मावळातील चित्रकाराला या भूमीतील आकार चिन्हात आणावेसे वाटणे स्वाभाविक आहे. सामग्री विपुल आहे. लोहगडाचा विंचूकाटा, तिकोन्याचा त्रिकोण, खंडाळ्याची नागफणी, कार्ल्याच्या चैत्यगृहाची घोड्याच्या नालेसारखी कमान, भाजे लेण्यांतील स्तूपांची रांग आणि पवन मावळातील भातखाचरांचे बांध हे सर्व आकार छायाकृतीतही बोलके आहेत.

परंतु येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जो आकार सर्वांचा आहे तो एकाची खूण सहजासहजी होत नाही. गडाची बाह्यरेषा पर्यटन व्यवसायापासून गृहप्रकल्पांपर्यंत अनेकांच्या चिन्हांत आधीच वापरली गेली आहे. अशा आकाराला चित्रकाराच्या पाहण्याने वैयक्तिक करावे लागते. उदाहरणार्थ, कार्ल्याची कमान बाहेरून काढली तर ती स्मारकाचे चित्र ठरते. चैत्याच्या आत उभे राहून कमानीतून आत येणाऱ्या प्रकाशाचा आकार काढला, म्हणजे कमान अंधाराची आणि कोरा कागद प्रकाशाचा, तर त्यात पाहणाऱ्याची जागा येते. शिवाय ती रचना जलरंगाच्या स्वभावाला अनुकूल आहे. कारण तीत मुख्य आकार रंगविलेला नसून राखलेला असतो. गडद सपाट वॉश आणि मध्ये कोरी कमान इतक्या साधनांत ती उभी राहते, एका रंगात छापता येते आणि रबरी शिक्क्यातही टिकते.

७. पुनरुत्पादन आणि कायदा

शिळाछापात छटेचे ठिपके हाताने होत. आजची चार शाईंची छपाई तेच यंत्राने करते. प्रश्न बदललेला नाही. संगणकावरील स्वयंचलित रेखांकनाला वॉश दिल्यास तो त्याचे शेकडो तुटक तुकडे करतो आणि जलरंगाचा आभासही उरत नाही. म्हणून बोधचिन्हाची दोन अधिकृत रूपे ठेवणे श्रेयस्कर आहे. एक, हाताने रेखून घेतलेले एकरंगी रेषारूप. दुसरे, मूळ जलरंगाचे स्कॅन केलेले छटारूप. लहान मापात आणि शिक्क्यात पहिले, पुस्तकाचे मुखपृष्ठ वा प्रदर्शनाचा फलक येथे दुसरे. छटारूप अंतिम मापाला इंचास किमान ३०० बिंदू मिळतील अशा बेताने स्कॅन करावे आणि मूळ प्रत शेजारी ठेवून रंग पडताळावेत. अतिशय फिके वॉश स्कॅनरमध्ये हरवतात, हे लक्षात घेऊन त्यांवर ओळखीचा भार टाकू नये.

कायद्याचा कलही याच दिशेने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र ही कलाकृती असून तिच्यावरील हक्क कर्त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे राहतो. हक्क विकल्यावरही कर्तेपण सांगण्याचा अधिकार कलम ५७ अन्वये कर्त्याकडे उरतो. चिन्ह व्यापारी व्यवहारात वापरावयाचे असल्यास १९९९ चा ट्रेडमार्क कायदा लागू होतो. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याच्या कलम १० प्रमाणे रंगाची मर्यादा न घालता नोंदविलेले चिन्ह सर्व रंगांसाठी नोंदविल्याचे मानले जाते. अर्थात एकरंगी रेषारूप नोंदविल्यास संरक्षणाची व्याप्ती वाढते. नोंदणी १० वर्षांची असून तिचे नूतनीकरण करता येते. चिन्हाचे संगणकीय रूप दुसऱ्याकडून करून घेतल्यास हक्कांबाबत लेखी करार करावा.

८. अध्यापनातील उपयोग

महाराष्ट्रातील बहुसंख्य विद्यार्थ्यांची रंगाशी औपचारिक ओळख एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या निमित्ताने होते. तेथे स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हे निराळे विषय म्हणून शिकविले जातात आणि पुढेही ते निराळेच राहतात. वैयक्तिक चिन्हाची जलरंगातील रचना हा या दोहोंना जोडणारा स्वाध्याय ठरू शकतो. भाषा विभागाला त्यात लिपीचा, इतिहास विभागाला मुद्रा व मोर्तबाचा, वाणिज्य विभागाला ट्रेडमार्कचा आणि भूगोल विभागाला पर्जन्यमानाचा धागा सापडेल. मावळ परिसरातील महाविद्यालयांना कार्ले, भाजे आणि मळवली ही तिन्ही स्थळे एका दिवसाच्या सहलीच्या टप्प्यात असल्याने हा स्वाध्याय प्रत्यक्ष स्थळी घेणेही शक्य आहे.

९. निष्कर्ष

वैयक्तिक बोधचिन्हाची जलरंगातील पुनर्रचना म्हणजे जुन्या चिन्हावर रंगाचा हात फिरविणे नव्हे. पाण्याने काय करावे आणि आकाराने काय करावे, याची ती वाटणी होय. मळवलीच्या शिळाछापात छटा ठिपक्यांत मोडली, मूळ हात दूर राहिला, तरी आकृतीची ढब टिकली आणि तीच घराघरांत ओळखली गेली. त्याच इतिहासात समासातील सुवाच्य नावाने अनेक चित्रकारांचे श्रेय झाकले गेले. चित्रकाराने आपली खूण स्पष्ट, सातत्यपूर्ण आणि पुनरुत्पादनात तगणारी ठेवली नाही तर तिची जागा दुसरी एखादी खूण घेते, हे हळदणकरांच्या चित्राबाबतच्या रूढ गैरसमजावरून दिसतेच.

म्हणून चिन्हाचा आकार एका रंगात, एका सेंटिमीटरमध्ये उभा राहील इतका पक्का असावा. त्यातील वॉश मात्र प्रत्येक मूळ प्रतीत थोडा निराळा उमटू द्यावा. आकारामुळे चित्रकार ओळखला जाईल आणि वॉशमुळे ती प्रत त्याच्या हातची आहे हे कळेल. चिन्हाच्या मूळ प्रती एकाहून अधिक कराव्यात, नोंदीसह आणि निरनिराळ्या ठिकाणी, कोरड्या जागी जतन कराव्यात. विशेषतः मावळच्या पावसात हे जतन पुढल्या वर्षावर टाकण्याजोगे नाही.